पिकासा: बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी कॉम्प्युटरवरचे फोटो बघायला मी अजून तेच उघडते

पिकासा, म्हणजे कॉम्प्युटरवरचे फोटो बघायचं आणि सुधारायचं गूगलचं जुनं सॉफ्टवेअर, अजून चालतं का असं कोणी विचारलं तर उत्तर सरळ आहे, चालतं, विंडोज ११ वर पण चालतं. गूगलने मार्च २०१६ मध्ये त्याचा सपोर्ट थांबवला, डाउनलोडचं पान काढलं, ऑनलाइन भाग पण गेला, पण ज्यांच्या मशीनवर ३.९ हे शेवटचं व्हर्जन आहे त्यांच्याकडे ते अजून उघडतं, फोल्डर दाखवतं, वाकडा फोटो सरळ करून देतं, आणि इंटरनेट बंद असलं तरी या कामांवर काही फरक पडत नाही. कंपनीने सोडून दिलेलं सॉफ्टवेअर इतकी वर्षं असं टिकतं याचं कारण ते पहिल्यांदा बनवतानाच्या विचारात आहे, म्हणून मी रिव्ह्यूची सुरुवात इतिहासापासून करतेय. तो कळला की यात काय भारी आहे आणि कुठे जपून राहायचं हे दोन्ही कळतं.

२००२ च्या आसपासची परिस्थिती आठवा. डिजिटल कॅमेरे घरोघरी यायला लागले होते, रोल संपायची भीती गेली म्हणून लोक धडाधड फोटो काढत होते आणि केबल लावली की ते फोटो कॉम्प्युटरवर कुठेतरी जाऊन पडायचे. कधी माय पिक्चर्समध्ये, कधी डेस्कटॉपवर, कधी कॅमेऱ्याच्या सीडीतल्या सॉफ्टवेअरने परस्पर बनवलेल्या भलत्याच फोल्डरमध्ये. फाइलचं नाव डीएससी आणि पुढे नुसते आकडे, त्यावरून कोणाला काय कळणार! फोटो बघायची सॉफ्टवेअर तेव्हा नव्हती असं नाही, चांगली होती. एसीडीसी नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून होतं, इरफानव्ह्यू १९९६ पासून, आणि ते तर व्हिएन्नात राहणाऱ्या इरफान श्किल्यान या एकट्या माणसाने लिहिलेलं. दोन्ही आजही मिळतात. पण या सगळ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली, की फोटो कुठे ठेवलाय ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही फाइल दाखवा, आम्ही झटकन उघडून देतो. आता लोकांना फोटो सापडतच नसतील तर पटकन उघडून काय करायचं? मॅकवाल्यांना जानेवारी २००२ मध्ये आयफोटो मिळालं होतं, पण ते फोटोंची कॉपी स्वतःच्या लायब्ररीत घेऊन तिथे आपल्या पद्धतीने मांडायचं. विंडोजवाले तर त्याला मुकलेच होते.

कॅलिफोर्नियात पासाडीनाला आयडियालॅब आहे, बिल ग्रॉस यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली, एकापाठोपाठ एक नवीन कंपन्या उभ्या करायच्या हेच तिचं काम. सर्चमधल्या जाहिरातीवर क्लिक झाली तरच पैसे, ही पद्धत रूढ करणारी गोटू डॉट कॉम पण तिथूनच निघालेली. त्याच आयडियालॅबमधून लाइफस्केप नावाची एक छोटी कंपनी निघाली, लार्स पर्किन्स प्रमुख, मायकल हर्फ तांत्रिक बाजू सांभाळणारे, आणि तिने २००२ मध्ये पिकासा आणलं. सुरुवातीला ते विकतचं होतं.

यांनी केलं काय, तर फोटो आणून इथे टाका असं सांगायच्या ऐवजी डिस्क स्वतः धुंडाळली. इन्स्टॉल केलं की पिकासा कोपऱ्यात बसून सगळे फोल्डर चाळायचं आणि जे जे चित्र सापडेल ते तारखेप्रमाणे एका लांबलचक पानावर लावायचं, डावीकडे वर्षं आणि फोल्डरांची नावं, उजवीकडे छोटे छोटे फोटो, आणि मूळ फाइल जिथे होती तिथेच. घरातली जाणती बाई जशी बसल्या जागेवरून कुठली वस्तू कुठल्या फडताळात आहे ते सांगते तसं. बऱ्याच लोकांना आपल्याकडे असे फोटो आहेत हेच पहिल्यांदा त्या स्कॅनमध्ये कळायचं, आणि माझ्या मते या सॉफ्टवेअरवर लोकांचा जीव जडला तो त्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत. काहीही आवरायचं नाही, नावं द्यायची नाहीत, आणि तरी सगळं समोर.

दुसरी गोष्ट वेग. तेव्हाच्या मशीन म्हणजे आजच्या स्वस्तातल्या फोनपेक्षाही कमी ताकदीच्या, आणि त्यावर हजारो फोटो न अडखळता सरकायचे कारण छोट्या चित्रांचा साठा आधीच करून ठेवलेला असायचा. स्क्रोलबार पण वेगळाच बनवलेला. त्याचा ठोकळा मध्यभागी असतो, तो वर किंवा खाली ओढून धरायचा, जितका लांब ओढाल तितक्या जोरात फोटो पळतात आणि सोडला की ठोकळा परत मध्ये येतो. सुरुवातीला हाताला विचित्र वाटतं, सवय झाली की मोठ्या संग्रहात फिरायला याच्याइतकी सोयीची गोष्ट नाही आणि मला कळत नाही की नंतरच्या कोणी ती उचलली का नाही. शोधायच्या चौकटीत टाइप करायला लागलात की अक्षरागणिक यादी आखडत जाते. हे मायकल हर्फ म्हणजे तेच ज्यांनी पुढे लोर्ना हर्फ यांच्यासोबत एफलक्स काढलं, संध्याकाळ झाली की स्क्रीनचा निळेपणा कमी करणारं, आणि ते वापरलेल्यांना पिकासातला हळुवारपणा कुठून आला हे लगेच पटेल.

त्या काळात लाइफस्केपने अजून एक प्रकार केला होता, हॅलो. आता कोणाला आठवतही नसेल. चॅट करता करता फोटो पाठवायचे, आणि समोरच्यासोबत एकाच वेळी तोच फोटो बघत बोलायचं. ईमेलला मोठा फोटो जोडला की अडकून बसायचं, त्यावर हा उपाय. हॅलोमधून ब्लॉगर या ब्लॉग लिहायच्या साइटवर पण फोटो टाकता यायचा, आणि ब्लॉगर गूगलने २००३ मध्येच घेतलेलं, म्हणजे ओळख आधीपासून झालेली होती. जुलै २००४ मध्ये गूगलने पिकासा विकत घेतलं, गूगल स्वतः शेअर बाजारात उतरायच्या साधारण महिनाभर आधी, आणि सगळ्यांसाठी फुकट करून टाकलं. हॅलो मात्र २००८ मध्ये बंद केलं.

पुढचं वर्ष उजाडता उजाडता, जानेवारी २००५ ला पिकासा २ आलं आणि माझ्या दृष्टीने खरं पिकासा ते. कारण त्यात एडिटिंग नीट बसलं. फोटोशॉप ज्यांना जमत नाही, शिकायचंही नाही, त्यांच्यासाठी मोजकी बटणं. सरळ करायचं बटण दाबलं की फोटोवर जाळी येते आणि खालची पट्टी सरकवून क्षितिज जुळवायचं. आय एम फीलिंग लकी दाबलं की रंग आणि उजेड एका फटक्यात ठीक. आणि फिल लाइट! उजेडाकडे पाठ करून काढलेल्या फोटोत चेहरे काळे येतात ना, ती पट्टी थोडी उजवीकडे नेली की चेहरे उजळतात आणि मागचं आकाश पांढरंफटक होत नाही. आज फोनमध्ये हे सगळं आहे हो, पण तेव्हा फुकटात आणि इतक्या सोप्या रीतीने हे हातात मिळणं मोठी गोष्ट होती. एका फोटोवर केलेले बदल कॉपी करून पन्नास फोटोंवर एकदम पेस्ट करता येतात, एकाच हॉलमधल्या एकाच पिवळ्या दिव्याखाली काढलेले फोटो असले की याची किंमत कळते.

यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग डोळ्याला दिसत नाही. पिकासात फोटो कापला, रंग बदलला, लाल डोळे काढले, तरी मूळ फाइल तशीच राहते. काय काय केलं त्याच्या सूचना फक्त त्याच फोल्डरमध्ये पिकासा डॉट आयएनआय नावाच्या एका छोट्याशा टेक्स्ट फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि फोटो दाखवताना त्या लागू होतात. नको वाटलं की अनडू, दहा वर्षांनी सुद्धा. तुम्ही मुद्दाम सेव्ह केलंत तरच फाइल बदलते, आणि तेव्हाही मूळ प्रत पिकासाओरिजिनल्स नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवली जाते. व्यावसायिक फोटोग्राफरांची सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालतात. ते तत्त्व नाव न घेता साध्या माणसाच्या हातात दिलं आणि मूळ फोटो खराब व्हायची धास्ती घालवली, याचं श्रेय पिकासाला द्यायलाच पाहिजे.

गूगलकडे गेल्यावर पहिली काही वर्षं चांगली गेली. मे २००६ मध्ये लिनक्ससाठी आलं, ते वाइन या, लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालणारं होतं आणि त्यासाठी कोडवीव्हर्स या कंपनीने केलेल्या सुधारणा परत वाइनलाच मिळाल्या, म्हणजे पिकासा न वापरणाऱ्यांचा पण फायदा. त्याच वर्षी जूनमध्ये फोटो ऑनलाइन ठेवायचे वेब अल्बम सुरू झाले, आधी २५० एमबी जागा, नंतर १ जीबी. २००८ मध्ये पिकासा ३, कोलाज, व्हिडिओ, डाग पुसायचं रीटच आणि विंडोजच्या व्ह्यूअरऐवजी वापरायचा स्वतःचा फोटो व्ह्यूअर घेऊन, आणि तो व्ह्यूअर मला आजही सगळ्यात देखणा वाटतो, काळ्या पारदर्शक पडद्यावर फोटो तरंगतो आणि खाली एक बारीक पट्टी. जानेवारी २००९ ला मॅकवर. आणि कंट्रोल, शिफ्ट आणि वाय एकत्र दाबलं की स्क्रीनवर टेडी बेअर यायचा, कितीही वेळा दाबा, अजून एक. माझ्याकडच्या प्रतीत अजून येतो.

मग चेहरे. गूगलने ऑगस्ट २००६ मध्ये चेहरे ओळखायचं तंत्र बनवणारी नेव्हन व्हिजन ही कंपनी घेतली, त्यातले हार्टमुट नेव्हन पुढे गूगलच्या क्वांटम कॉम्प्युटरच्या कामाचे प्रमुख झाले. चेहरा ओळखायचं काम आधी २००८ मध्ये वेब अल्बममध्ये आणि सप्टेंबर २००९ ला ३.५ व्हर्जनमधून कॉम्प्युटरवर आलं. मशीन रात्रभर चालू ठेवली की सकाळी एका अल्बममध्ये चेहऱ्यांचे गठ्ठे तयार, एकाला नाव दिलं की तसे दिसणारे बाकीचे प्रश्नचिन्हासकट पुढे येतात, बरोबर असेल तर टिक, नसेल तर फुली. लहानपणापासून मोठेपणापर्यंतचा एकच चेहरा एका रांगेत बघायला मिळतो. आणि ओळखायचं हे काम होतं तुमच्याच मशीनवर, त्यासाठी फोटो कुठे अपलोड करावे लागत नाहीत. आज याच सोयीसाठी लोक सगळा संग्रह कोणाच्या तरी सर्व्हरवर ठेवतात, तेव्हा २००९ मध्ये हे घरच्या घरी होत होतं हे लक्षात घ्या.

पण तोपर्यंत फोटोंचा प्रवास बदलला होता. फोटो ऑनलाइन टाकायची साइट फ्लिकर फेब्रुवारी २००४ ला आलेली, फेसबुकवर २००५ पासून फोटो टाकता येत होते, आणि मग कॅमेरा फोनमध्ये गेल्यावर फोटो कॉम्प्युटरपर्यंत यायचेच थांबले. जून २०११ मध्ये गूगल प्लस हे गूगलचं सोशल नेटवर्क निघालं आणि पिकासाला त्याच्या दावणीला बांधलं. डिसेंबर २०११ च्या ३.९ मध्ये पिकनिक या ऑनलाइन फोटो एडिटरच्या धाटणीचे चोवीस नवे इफेक्ट आणि गूगल प्लसवर शेअर करायची बटणं आली, २०१२ मध्ये लिनक्सची आवृत्ती सोडून दिली, आणि त्यानंतर किरकोळ दुरुस्त्यांपलीकडे फारसं काही झालं नाही. मे २०१५ ला गूगल फोटोज आलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये पिकासा बंद करत असल्याची घोषणा झाली. एका जागेवर लक्ष केंद्रित करायचंय, असं कंपनीचं म्हणणं. धंद्याच्या दृष्टीने ते कळतं. पण डेस्कटॉपच्या पिकासाला गूगल फोटोज हा पर्याय नव्हताच, एक तुमच्या डिस्कवरचे फोटो दाखवतं आणि दुसरं तुमचे फोटो स्वतःकडे घेऊन ठेवतं, कामच वेगळं. याचा कोड खुला करायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं. वेब अल्बममध्ये उरलेल्या गोष्टी अल्बम आर्काइव्हमध्ये गेल्या, आणि तेही जुलै २०२३ मध्ये बंद. गूगल फोटोजमधली हाय क्वालिटीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली. या सगळ्या काळात डिस्कवरचं पिकासा होतं तसंच चालू राहिलं, कारण त्याला चालायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता दोष, आणि ते लहान नाहीत. एक तर नवीन फोटो. आयफोन २०१७ पासून एचईआयसी या नव्या फॉरमॅटमध्ये फोटो काढतात आणि पिकासाला ते दिसतच नाहीत, आधी जेपेगमध्ये बदलून घ्यावे लागतात. नव्या कॅमेऱ्यांच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलचं पण तेच. वेबपी हा गूगलचा फॉरमॅट मात्र उघडतो. भरपूर रेझोल्युशनच्या स्क्रीनवर मेनूची अक्षरं एकतर बारीक नाहीतर पुसट. मॅकचं पिकासा ३२ बिटचं, त्यामुळे २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून पुढे उघडत नाही, म्हणजे हा रिव्ह्यू आता फक्त विंडोजवाल्यांच्या कामाचा. अपलोडची बटणं दिसतात पण मेलेली आहेत, नकाशाचा भाग पण गेला.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे आणि तो थेट वर ज्याचं कौतुक केलं त्या गोष्टीतूनच येतो. बदल मूळ फोटोत नसतात, आयएनआय फाइलमध्ये असतात. म्हणजे तुम्ही सेव्ह न करता नुसते जेपेग पेन ड्राइव्हवर ओढून नेलेत, तर तिकडे न कापलेले, न उजळवलेले फोटो जातात, कारण दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्या सूचना वाचताच येत नाहीत. चेहऱ्यांचं तर अजून वाईट. आयएनआय फाइलमध्ये चेहऱ्याची चौकट आणि एक लांबलचक आकडा असतो, आणि तो आकडा म्हणजे कोण हे वेगळ्याच एका कॉन्टॅक्ट्सच्या फाइलमध्ये, विंडोजच्या तुमच्या यूजर फोल्डरात खोलवर लपलेल्या जागी. मशीन फॉर्मॅट केलं आणि ती फाइल गेली की हाती नुसते आकडे. शेकडो तास बसून दिलेली नावं अशी जाऊ शकतात. लाइफस्केपने फाइलींना हात न लावायचं ठरवलं ते बरोबरच होतं, पण नावं आणि फोटोखालची ओळ या गोष्टी फोटोसोबतच राहायला हव्या होत्या. ओळ जेपेगमध्ये लिहिली जाते, नावं फोटोत लिहायची सोय मात्र उशिरा आली आणि ती पण आपणहून चालू करावी लागते.

तर नवीन माणसाने आज घ्यावं का? मोठा जुना संग्रह असेल, विंडोज असेल आणि मुख्यतः जेपेग असतील तर मी हो म्हणेन, त्यातले हरवलेले फोल्डर शोधायला याच्यासारखं दुसरं नाही. इन्स्टॉलर कुठूनही मिळवा पण चालवायच्या आधी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघा, तिथे गूगलचं नाव नसेल तर ती फाइल उघडूच नका, बंद झालेल्या लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या नावाखाली काहीही खपवलं जातं. पहिल्याच वेळी ते सगळी डिस्क स्कॅन करू का विचारेल, तेव्हा फोल्डर मॅनेजरमध्ये जाऊन फक्त फोटोंची फोल्डर निवडा, नाहीतर कुठल्या कुठल्या प्रोग्रामची चिन्हं पण फोटोंच्या रांगेत येऊन बसतात. एक्सपेरिमेंटल मेनूत डुप्लिकेट फाइल दाखवायची सोय आहे, ती नक्की वापरा, फक्त डिलीट करताना दोनपैकी एक ठेवायचा आहे हे बघून करा कारण ती दोन्ही दाखवते आणि निवड तुमच्यावर.

नुसतं झटपट बघायला हवं असेल तर इरफानव्ह्यू किंवा फास्टस्टोन पुरेसं. चेहरे, टॅग, एचईआयसी सगळं हवं असेल आणि पुढची वीस वर्षं चालेल असं हवं असेल तर डिजिकॅम हे सॉफ्टवेअर, ते मुक्त (ओपन सोर्स) आहे, २००१ पासून त्यावर काम चालू आहे आणि फोटो जिथे आहेत तिथेच ठेवतं. दिसायला पिकासाइतकं सुटसुटीत नाही, बटणांची गर्दी आहे, शिकायला वेळ द्यावा लागतो.

आणि ज्यांच्याकडे आधीपासून पिकासा आहे त्यांनी एवढं याच आठवड्यात करून टाका. ऑप्शन्समध्ये नेम टॅग्जच्या पानावर नावं फोटोत साठवायची खूण चालू करा, मग टूल्समधल्या एक्सपेरिमेंटलमध्ये जुने चेहरे एक्सएमपीत, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच असणाऱ्या माहितीत, लिहायचा पर्याय आहे तो चालवा, मोठा संग्रह असेल तर बराच वेळ चालेल, चालू द्या. त्यानंतर ती नावं डिजिकॅमला पण वाचता येतात. कापलेले-सुधारलेले फोटो कोणाला द्यायचे असतील तर नुसते कॉपी न करता एक्स्पोर्ट करा, त्यात सगळे बदल बसवलेल्या वेगळ्या प्रती बनतात आणि मूळ शाबूत राहतं. बॅकअप घेताना लपलेल्या फाइली पण येतायत ना ते तपासा, म्हणजे आयएनआय आणि ओरिजिनल्सचं फोल्डर दोन्ही, आणि यूजर फोल्डरातलं गूगलच्या नावाखालचं पिकासा२ आणि पिकासा२अल्बम्स पण सोबत घ्या. हे सगळं फोल्डर हलवायच्या किंवा नवीन मशीन घ्यायच्या आधी, नंतर करायला गेलात तर त्यातलं अर्धं हाती लागत नाही.